टाकीवरची जागा

पुलाच्या फळ्या चाकाखाली खडखडायला लागल्या की इस्मानाली गाडी पहिल्या गियरवर आणायचा आणि पार पलीकडे जाईपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. जुलैत डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला होता. त्याने ऐरी-साय गावाचा सिमेंटचा पूल उचलला आणि खाली कुठेतरी नेऊन टाकला. गावातल्या माणसांनी त्या जागी झाडांचे दोन लांब सोट आडवे घातले, वर फळ्या ठोकल्या. त्यावरून घोडा जायचा, गाढव जायचं, मोटारसायकल जायची. शाळेची गाडी मात्र पलीकडच्या काठाला येऊन थांबायची. आठवडाभराने तीही यायची बंद झाली. शाळा होती खालच्या गावात, नऊ किलोमीटरवर.

म्हणून सप्टेंबर लागल्यापासून ऐरी-सायची पोरं मोटारसायकलींवरून शाळेत जायला लागली. कुणाचा बाप न्यायचा, कुणाचा काका. इस्मानालीची दोन नातवंडं त्याच्याबरोबर. त्यांचे आईबाप मॉस्कोत एका गोदामात खोकी भरायला गेलेले होते, त्याला तिसरं वर्ष लागलं होतं.

सहा वर्षांचा एलामान मागे बसायचा. आजोबाच्या कमरेच्या पट्ट्यानेच त्याला आजोबाच्या पाठीशी बांधलेलं असायचं. दहा वर्षांची कानिशाय पुढे, टाकीवर, आजोबाच्या दोन हातांच्या मध्ये. तिचे तळवे त्याच्या मुठींवर. बघणाऱ्याला वाटायचं, पोरगी लाडाची आहे, गाडी चालवल्याचा खेळ खेळतेय.

खेळ नव्हता. ऑगस्टात गवताचे भारे आणायला दोघं वरच्या कुरणात गेली होती. परतताना रस्त्यात काळं झुडूप आलं, इस्मानालीने ते डावीकडे टाकून जायचं ठरवलं, आणि ते झुडूप उठून चालायला लागलं. ती शेजाऱ्यांची गाय होती. कानिशाय मागून ओरडली म्हणून गाय वाचली आणि ही दोघंही वाचली. गाडी उभी करून तो बराच वेळ हॅण्डल धरून बसून राहिला. त्याचा डावा डोळा तरुणपणीच गेला होता, ट्रॅक्टर दुरुस्त करताना लोखंडाची कपची उडाली होती. राहिलेल्या उजव्या डोळ्यावर गेल्या हिवाळ्यापासून साय धरत चालली होती. सकाळी पातळ असायची. ऊन वर आलं की घट्ट व्हायची.

कानिशाय उतरली, पुढे आली, टाकीवर चढून बसली.

"आजोबा, उजवीकडे खड्डा आला की मी तुमची उजवी मूठ दाबीन. डावीकडे आला तर डावी. दोन्ही दाबल्या तर थांबायचं."

"आणि आजीला?"

"आजीला कशाला सांगायचं?"

तेवढंच बोलणं झालं होतं. पुन्हा त्या दोघांनी तो विषय कधी काढला नाही.

शाळेच्या फाटकाशी एका सकाळी रायकान बाई उभ्या होत्या. त्या यंदाच बदलून आलेल्या. त्यांनी एलामानला पट्ट्यातून सोडवलं, त्याचे हात आपल्या हातांत घेतले आणि सोडलेच नाहीत.

"इसाके, जरा गाडी बंद करा."

इस्मानालीला सगळे आदराने इसाकेच म्हणायचे. त्याने गाडी बंद केली. आजूबाजूच्या तीन-चार गाड्याही थांबल्या, काय चाललंय ते बघायला.

"हात बघा याचे. लाकडं झालीत." मग बाईंची नजर कानिशायच्या पायांकडे गेली. नायलॉनचा पातळ पायमोजा घोट्यापाशी वितळून त्याला नाण्याएवढं भोक पडलं होतं आणि आतली कातडी चकाकत होती. "हे सायलेन्सरचं ना?"

"जुनं आहे, बाई," कानिशाय म्हणाली. "दुखत नाही."

"तुम्ही स्वतः कातडी कोट घालता, इसाके. कानावर टोपी आहे, पायात बूट आहेत. पोरं अशी उघडी. उद्या पडलात तर तुमचा कोट फाटेल, आणि यांचं काय फाटेल ते तुम्हीच सांगा."

"पडायचंच कशाला, बाई?" मागून उलुक म्हणाला. उलुक त्यांच्याच गल्लीतला, बाविशीचा. त्याच्या नव्या चिनी गाडीवर मागे तीन पोरं बसायची, शेवटचं अर्धं हवेत. दोघंतिघं हसले.

बाई हसल्या नाहीत. "आणि ही पुढे का? ब्रेक दाबला तर पहिली हीच जाईल."

चाळीस वर्षं गावात इस्मानालीला कुणी असं भर रस्त्यात उभं करून विचारलं नव्हतं. तो हॅण्डलवरची धूळ पुसत राहिला.

"मला आवडतं पुढे," कानिशाय म्हणाली. "वारा लागतो, बाई."

"सोमवारपासून कोट, हातमोजे, टोपी. नसेल तर मी पोरांना आत घेईन, पण तुम्हाला ग्रामपंचायतीत बोलवीन. सगळ्यांनाच सांगतेय."

घरी त्याने हे सांगितलं नाही. एलामानने सांगितलं, तेही बाईंच्या आवाजात, कमरेवर हात ठेवून. बटाटे काढायचे दिवस होते. आजी, सोनुन, वाफ्यात गुडघ्यावर होती. तिने ऐकून घेतलं आणि हातातला बटाटा गोणीत टाकला.

"बाईचं काय चुकलं?" एवढंच म्हणाली.

संध्याकाळी तिने पेटीच्या तळाचा मेंढीच्या कातड्याचा लांब कोट बाहेर काढला. तो तिच्या आईने तिला सासरी येताना दिला होता. आत दाट लोकर, बाहेर पिवळं कातडं. तिने तो चटईवर पसरला, कोळशाने रेघा मारल्या आणि इस्मानाली काही बोलायच्या आत पाठीवरून सरळ कात्री चालवली.

"अगं, काय केलंस हे?"

"तो कोट मी काय माझ्यासोबत मातीत नेणार आहे? दिवा इकडे सरकवा."

चार दिवस तिचं तेच चाललं. दिवसा बटाटे, जेवणं झाली की शिवण. कातडं जाड, सुई जाईना. ती आरीने भोक पाडायची, मग दोरा ओवायची. अंगठ्याला चिरा पडल्या, त्यांत बटाट्याच्या वाफ्यातली माती भरलेली, ती निघेना. दोन कोट झाले. उरलेल्या तुकड्यांचे हातमोजे झाले, बोटं नसलेले, नुसत्या पिशव्या. टोपीसाठी शेजारणीने आपल्या नवऱ्याची सैन्यातली, रणगाड्यावर घालायची जुनी टोपी दिली. कापसाच्या जाड वळ्या भरलेली, कान आणि गालफडं झाकणारी. सोनुनने तिच्यात नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी घालून ती कानिशायच्या डोक्याएवढी केली. एलामानला लोकरीची दुहेरी शिवली.

एलामान कोट घालून अंगणभर मेंढरासारखा ओरडत फिरला. कानिशाय उभी राहिली तशीच उभी. टोपीच्या आत तिचा चेहरा मुठीएवढा दिसत होता.

"आजी, हातमोजे नकोत."

"का?"

"खाजतं."

"खाजू दे. कातडी शाबूत राहिली तर खाजेल."

"आणि टोपीतून बाजूचं दिसत नाही."

"तुला बाजूचं बघून काय करायचंय? गाडी आजोबा चालवतात."

कानिशायने आजोबाकडे बघितलं. इस्मानाली चुलीतली राख ओढत होता. तो ओढतच राहिला.

सोमवारी सोनुनने दोघांना स्वतः गाडीवर बसवलं, टोपीचे बंद हनुवटीखाली गाठ मारून बांधले आणि फाटकाशी उभी राहिली. पुलापर्यंत ठीक गेलं. पूल ओलांडल्यावर पहिल्याच उतारावर पुढचं चाक एका खड्ड्यात गेलं, हॅण्डल हातातून निसटतं की काय असं झालं. कानिशायने मूठ दाबली होती, पण लोकरीच्या त्या पिशवीतून इस्मानालीला काही कळलंच नव्हतं. पुढे डावीकडून एक गुरं हाकणारा आला, तो तिला टोपीमुळे अगदी जवळ येईपर्यंत दिसला नाही.

"आजोबा, थांबा."

तो थांबला. तिने दातांनी हातमोजे ओढून काढले. टोपीची गाठ सोडली, टोपी काढली. केस घामाने कपाळाला चिकटले होते. दोन्ही वस्तू तिने गाडीच्या मागच्या पिशवीत कोंबल्या.

"शाळेच्या अलीकडे घालीन परत," ती म्हणाली. "एलामान, घरी बोललास तर बघ."

"नाही बोलणार," एलामान म्हणाला. "माझी काढू?"

"तुझी काढायची नाही."

इस्मानालीने तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं. हे त्याला तेव्हाही कळत होतं. बोललो तर काय बोलायचं, हाही प्रश्न होता. गाडी मागे वळवायची? घरी जाऊन सांगायचं? मग पोरांना नेणार कोण? शहरातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात जायचं तो वसंतापासून ठरवत होता. आधी गवत होतं, मग बटाटे होते. आता लाकडं आणायची होती. त्याने किक मारली. तिचे उघडे, गार तळवे त्याच्या मुठींवर आले आणि त्याला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची पुढे त्याला फार लाज वाटायची होती.

रायकान बाई फाटकाशी खूश झाल्या. इतर गाड्यांवरची पोरंही हळूहळू काहीबाही घालून यायला लागली. कुणी बापाचं जॅकेट, कुणी आईची शाल पोटाला गुंडाळून. उलुकच्या मागची तिघं मात्र होती तशीच.

ऑक्टोबर लागला. रात्री गोठायचं, सकाळी सुटायचं. पुलाच्या पुढे चार किलोमीटरवर तांबड्या मातीच्या कड्याखालून रस्ता वळतो, तिथे असं गोठण्या-सुटण्याने माती भुसभुशीत होऊन रोज दगड खाली यायचे. कधी बटाट्याएवढे, कधी मेंढराच्या डोक्याएवढे. त्या वळणावर कानिशाय दोन्ही मुठी दाबायची, तो गाडी चालत्या माणसाच्या वेगाने न्यायचा. तिच्या बोटांच्या पेरांवर आता तांबड्या भेगा पडल्या होत्या. घरी ती हात पाठीमागे धरून बसायची.

"हातमोजे घालून भेगा कशा पडतात गं?" सोनुनने एकदा विचारलं.

"शाळेत भांडी धुवायला लावतात," कानिशाय म्हणाली. कुठे काय सांगायचं हे तिला आता सरावाचं झालं होतं.

त्या दिवशी पहाटे बर्फमिश्रित पाऊस पडून गेला होता. निघताना आभाळ मोकळं झालं. तांबड्या कड्याच्या सावलीतून गाडी वळणावर आली आणि समोरच्या खिंडीतून ऊन एकदम अंगावर आलं. ओला रस्ता आरशासारखा पेटला. इस्मानालीच्या डोळ्यापुढे नुसतं पांढरं झालं. ते त्याला नवीन नव्हतं. तो तिच्या हातांवर विसंबून होता. तेवढ्यात त्याच्या डाव्या मुठीवरचा तळवा उठला. तिलाही काही दिसत नव्हतं, तिने डोळ्यांवर हात धरला होता.

त्याला आपली मूठ गार पडलेली कळली. मग चाक दगडावर चढलं.

वेग काही नव्हता. चालता माणूस जरा पळाला तर बरोबरीला येईल, एवढाच. गाडी डावीकडे पडली, तो तिच्याबरोबर, आणि एलामान त्याच्या पाठीवर बांधलेला. इंजिन घुरघुरून बंद झालं. खाली नदीचा आवाज येत होता.

"कानिशाय."

त्याने पट्टा सोडला. एलामानचं अंग चाचपलं, डोकं, हात, पाय. पोर रडत होतं पण धड होतं. कोटाची पाठ फाटून लोकर बाहेर आली होती.

"कानिशाय, कुठं आहेस?"

तो गुडघ्यांवर आला आणि हातांनी रस्ता चाचपायला लागला. खडी, चिखल, पाणी. समोर सगळं पांढरं. त्याने एक दगड धरला, सोडला. दुसरा धरला, सोडला.

"आजोबा, तिकडे नाही," एलामान रडत म्हणाला. "तिकडे नाही. इकडे. अजून इकडे."

त्याचा हात लोकरीला लागला. मग कोटाच्या गळ्याला, मग केसांना. केस गरम आणि ओले होते.

कोळशाचा एक ट्रक खालून येत होता. ड्रायव्हर उतरून पळत आला आणि पोरीला उचलताना त्याने म्हाताऱ्याकडे नवलाने बघितलं.

"अहो, तुमच्या पुढ्यात तर पडली होती. कुठं शोधत होतात?"

इस्मानाली पोरीच्या कोटाचा काठ धरून त्याच्या मागे चालायला लागला. ड्रायव्हरला वाटलं, घाबरलाय.

तालुक्याच्या दवाखान्यात तिच्या कपाळापासून कानापर्यंत अकरा टाके पडले. उजव्या तळहाताची कातडी गेली होती, तिच्यातली खडी चिमट्याने एकेक काढली. दोन दिवस ती उलट्या करत होती आणि माणसं ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी ओळखायला लागली. डॉक्टर म्हणाला, डोक्याला आतून मार आहे, महिनाभर पडून राहायचं. खांद्यावर फाटलेला तिचा कोट उचलून त्याने सोनुनला विचारलं, "हे होतं म्हणून हात मोडला नाही. असंच काही डोक्यावर का नव्हतं?"

सोनुनने आपल्या थैलीतून टोपी काढली. मागून उलुकने मोटारसायकल घरी आणून टाकली होती, गाडीच्या पिशवीत सोनुनला ती सापडली होती. टोपी आणि हातमोजे, दोन्ही कोरडे, एक ओरखडा नाही.

"ही कुणी काढली?" तिने खाटेवरच्या पोरीला विचारलं. आवाज चढवला नाही.

"मी."

"का?"

"गरम होत होतं."

"ऑक्टोबरात?"

कानिशायने डोळे मिटले. इस्मानाली खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसला होता. त्याच्या हातात त्याची स्वतःची टोपी होती, ती आता तो दोन्ही हातांनी चेपत होता. पोरीने त्याच्याकडे एकदाही बघितलं नाही.

मग सगळेच तिला बोलले. मॉस्कोहून आई फोनवर रडत रडत बोलली, आजीने स्वतःचा कोट कापला तुझ्यासाठी, आणि तू केसांची रिबीन दाखवत फिरतेस. गल्लीतल्या बायका चहा-साखरेचे पुडे घेऊन आल्या आणि दाराबाहेर म्हणाल्या, दहा वर्षांची झाली, आता नटायचंच वय. उलुक आला. त्याने इस्मानालीच्या खांद्यावर हात ठेवला. "इसाके, तुम्ही जिवाला लावून घेऊ नका. तुमचा काय दोष? पोरगी ऐकत नाही त्याला तुम्ही काय करणार?"

इस्मानालीने होकाराची मान हलवली. हलवली हे त्याच्या नंतर लक्षात आलं. पाच दिवस झाले. रोज तो मनाशी म्हणायचा, आज सोनुनला बाहेर बोलावून सांगू. रोज कुणीतरी भेटायला यायचं.

सहाव्या दिवशी रायकान बाई आल्या. त्या पोरीजवळ बसल्या, तिचा बरा हात हातात घेतला, अभ्यासाचं विचारलं. मग म्हणाल्या, "बरी झालीस की वर्गापुढे उभी राहून सांगायचं हं तू. मी टोपी काढली, मोठ्यांचं ऐकलं नाही, म्हणून असं झालं. तुझं बघून बाकीची तरी शिकतील."

कानिशायची हनुवटी हलली. "सांगीन," ती म्हणाली.

"ती काही सांगणार नाही," इस्मानाली म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. तो स्टुलावरून उठला होता. सोनुन खिडकीशी चहा ओतत होती, तिचा हात थांबला.

"टोपी तिने माझ्यासाठी काढली, बाई. हातमोजेही. मला दिसत नाही. ती माझ्या मुठी दाबून रस्ता सांगायची, ते लोकरीतून मला कळायचं नाही. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं. मी गाडी थांबवायचो, ती काढायची, मी पुढे जायचो."

खोलीत दुसऱ्या खाटेवरची बाईसुद्धा उठून बसली.

पहिली बोलली ती कानिशाय. भिंतीकडे तोंड करून, दात खाऊन.

"कशाला सांगितलं? आता आम्हाला शाळेत कोण नेणार?"

सोनुनने किटली खाली ठेवली. ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली, तोंडापुढे हात धरला.

"किती बोटं?"

त्याला हात दिसत होता. बोटं दिसत नव्हती. त्याने अंदाजाने काही सांगितलं नाही.

तिने हात खाली घेतला. म्हणाली, "तुम्हाला दिसत नव्हतं, ठीक आहे. माझे डोळे शाबूत होते. मी काय बघत होते?" आणि परत खिडकीशी जाऊन तिने चहा ओतला, पेला नेऊन त्याच्या हातात दिला, बोटं मिटेपर्यंत धरून ठेवला.

घरी आल्यावर मोटारसायकल गोठ्यामागे गेली, वर जुना नमदा टाकला. शहरातल्या दवाखान्याने ऑपरेशनसाठी मार्च महिना सांगितला. पूल कधी होणार ते कुणी सांगत नव्हतं. एलामान उलुकच्या मागे बसून जायला लागला, चौथा. महिन्याने डोक्याला पट्टी असलेली कानिशायही, पाचवी. दुसरं कुणी नव्हतंच. सोनुन रोज फाटकाशी उभी राहून दोघांचे बंद स्वतः बांधायची आणि उलुकला बजावायची.

"एजे, यांच्या या लोकरीमुळे मागचं पोर घसरतं," उलुक कुरकुरायचा. सोनुनला तो मानाने एजे म्हणायचा.

"मग मागचं पोर नेऊ नकोस."

"त्याची आई मला खाईल."

कानिशाय आजोबाशी बोलत नव्हती. जेवायला त्याच्या बाजूला बसायची, नान मोडून त्याच्यापुढे ठेवायची, पण बोलायची नाही. इस्मानालीने तिला बोलायला लावलं नाही. गाडी निघाली की तो अंगणात उभा राहून ऐकायचा; सकाळी दरीतून आवाज लांबवर यायचा. तीस वर्षं इंजिनांत काढलेला माणूस. फळ्या वाजल्या. दुसरा गियर, तिसरा. उतार. मग तांबड्या कड्याचं वळण यायचं तिथे गियर बदलून आवाज खाली उतरायला हवा होता. तो उतरायचा नाही.

तीन दिवस ऐकलं. चौथ्या दिवशी पोरं उठायच्या आधी तो फावडं घेऊन निघाला. रस्त्याच्या कडेची खडी बुटाखाली लागत राहील असा चालला. वळणावर पोचायला दीड तास लागला. तिथे तो फावडं जमिनीवर सरकवत नेऊ लागला, दगडाला लागून वाजलं की उचलून नदीच्या बाजूला टाकायचा. एका बाजूने साफ करावं तर मागे कड्यावरून पुन्हा टपटप आवाज. तासाभरात त्याचा सदरा पाठीला चिकटला. इंजिनाचा आवाज आला तेव्हा तो रस्त्याच्या मधोमध होता आणि कुठल्या बाजूला सरकावं हे त्याला ठरवता आलं नाही.

ब्रेक करकरले. खडी त्याच्या नडग्यांवर उडाली.

"इसाके, मरायचंय का तुम्हाला?" उलुकचा आवाज फाटला होता.

"हळू ये."

"हळूच येतो मी."

"येत नाहीस. डोळे गेलेत, कान आहेत मला. तिसऱ्यावर येतोस तू या वळणाला."

"तुम्ही मला शिकवणार? तुम्ही?"

इस्मानालीने फावड्यावर हात ठेवले.

"मीच शिकवणार. मी इथेच पाडलीय तिला."

उलुकने थुंकी टाकली आणि गाडी काढली, पण पहिल्यावर काढली. आवाज दूर जाईपर्यंत इस्मानाली ऐकत राहिला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की दगड उचलण्यात काही अर्थ नाही, कडा रोज नवे टाकणार. माणूस मध्ये उभा असला तर मात्र गाडीला हळू व्हावंच लागतं.

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. उलुकने संध्याकाळी सोनुनकडे तक्रार केली. "एजे, समजवा त्यांना. एखाद्या दिवशी धुकं असेल, मला दिसले नाहीत तर?"

सोनुनने ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बूट चढवत असताना ती आपला तांबडा रुमाल घेऊन आली, लग्नाकार्याला डोक्याला बांधायचा. तो तिने त्याच्या छातीवरून तिरका घेतला आणि पाठीमागे घट्ट गाठ मारली.

"हे काय बायकांचं?"

"तुम्हाला दिसत नाही. निदान तुम्ही तरी दिसा."

नान आणि उकडलेले दोन बटाटे तिने त्याच्या खिशात घातले.

नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी खरंच धुकं होतं. वळणावर त्याला नेहमीचं पांढरंही दिसत नव्हतं, नुसतं करडं. त्याने बुटाने दोन्ही कडा चाचपल्या, मधली जागा धरली आणि उभा राहिला. लांबून इंजिन ऐकू आलं. दुसरा गियर. तिसरा. आवाज जवळ आला आणि उतरला नाही. त्याचे पाय बाजूला व्हायला निघाले होते, ते त्याने रोवले.

"उलुकदादा, हळू." धुक्यातून पोरीचा आवाज आला, टोपीतून दबलेला. "आजोबा असतील."

इंजिन दुसऱ्यावर आलं, मग पहिल्यावर. गाडी त्याच्या उजव्या बाजूने हळूहळू गेली. पाच पोरांची लोकर, शाली, दप्तरं त्याच्या हाताला घासून गेली. यातली कानिशाय कोणती, ते त्याला कळलं नाही.

आवाज खाली खिंडीत गेला आणि धुक्याने तो पुसून टाकला. थोड्या वेळाने चेहऱ्यावर गार ठिपके पडायला लागले. त्याने हात पुढे केला, बर्फ होतं. त्या वर्षीचं पहिलं. शाळा एकला सुटायची. पोरं याच वळणावरून परत येणार होती, आणि तोवर रस्ता झाकलेला असणार होता, कडेची खडीही त्याच्या बुटाला लागणार नव्हती. घरी जाऊन परत यायचं तर तीन तास. त्याने खिशातलं नान काढलं, अर्धं मोडून ठेवलं, आणि फावडं टेकवून तिथेच उभा राहिला.